मालकमपेठेतला मालकम आणि इंग्रजांचे इराणशी झालेले तह

बोरू_टाक | शनिवार, सकाळी ७:५०

महाबळेश्वरला माझ्या मामांचं जुनं घर आहे. दिवाळीत त्याची कागदपत्रं लावायला बसलो होतो. एका पिवळ्या पडलेल्या खरेदीखतावर गावाचं नाव महाबळेश्वर नव्हतं, मालकमपेठ होतं. मामा म्हणाले, "आमच्या लहानपणी म्हातारी माणसं बाजाराला जायचं म्हणजे पेठेत जायचं असंच म्हणायची."

हा मालकम म्हणजे सर जॉन मालकम, १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर. १८२९ साली त्याने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही डोंगरावरची जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं, तेही रीतसर तह करून. १८१८ साली दुसरा बाजीराव शेवटी शरण आला तो याच मालकमकडे, वर्षाला आठ लाखांची नेमणूक ठरवून. एवढी त्याची ओळख आपल्याला असते. पण त्याचं नाव झालं ते त्याआधी, इराणात. आणि इराणात त्याने केलेल्या तहापासून जी माळ सुरू होते ती मी गेले चार महिने वाचतो आहे. वसईचा तह, सालबाईचा तह आपण पाठ केले. हे तह त्याच काळातले, त्याच माणसांनी केलेले आणि पुष्कळदा मुंबईहूनच निघालेले, पण आपल्याकडे त्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

आधीचा इतिहास थोडक्यात. १६२२ साली शाह अब्बासच्या फौजेने ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं बरोबर घेऊन होर्मुझ बेट पोर्तुगीजांकडून काढून घेतलं. त्याचा मोबदला म्हणून गोंब्रूनच्या, म्हणजे आजच्या बंदर अब्बासच्या जकातीत कंपनीला निम्मा वाटा कबूल झाला. १७६३ साली इराणचा राज्यकर्ता करीम खान झंदने आखातातल्या बुशहर बंदरात वखार घालायची परवानगी दिली. पण हे सगळं व्यापाराचं. त्यात राज्यांनी एकमेकांना शब्द देण्याची गोष्ट नव्हती.

तशी पाळी आली १७९८-९९ साली. अफगाण बादशहा झमान शाह लाहोरपर्यंत येऊन गेला होता. तो अब्दालीचा नातू. पानिपत होऊन अजून चाळीस वर्षं झाली नव्हती, त्यामुळे दिल्लीपासून कलकत्त्यापर्यंत सगळे धास्तावलेले. टिपूचा त्याच्याशी पत्रव्यवहार चाललेला आणि तिकडे नेपोलियन इजिप्तमध्ये उतरलेला. लॉर्ड वेलस्लीने विचार केला की अफगाणांच्या पाठीवर इराणला बसवावं. मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याने आधी मेहदी अली खान या आपल्या माणसाला इराणच्या फतह अली शाहकडे पाठवलं. मग १७९९च्या डिसेंबरात मालकम मुंबईहून गलबतात बसला. तेव्हा तो तिशीत पोचला होता, फारसी उत्तम बोलायचा आणि नजराणे वाटताना त्याचा हात आखडत नसे.

जानेवारी १८०१ मध्ये तह झाला. खरं तर दोन, एक राजकीय आणि एक व्यापारी. राजकीय तहाचा मजकूर सोपा आहे: अफगाण हिंदुस्थानावर चालून आले तर शाहने त्यांच्यावर फौज घालायची. फ्रेंचांना इराणच्या किनाऱ्यावर किंवा बेटांवर पाय रोवू द्यायचा नाही. अफगाणांनी किंवा फ्रेंचांनी इराणवर हल्ला केला तर इंग्रजांनी तोफा आणि सामान द्यायचं. व्यापारी तहात इंग्रजांचं लोकरी कापड, लोखंड, पोलाद, शिसं यांना जकात माफ.

आता यात काय नाही ते पाहा. रशियाचं नाव कुठेच नाही. फतह अली शाहला रात्री झोप येत नव्हती ती रशियामुळे. त्याच १८०१ साली रशियाने जॉर्जिया गिळला. १८०४ला गांजा शहर घेतलं आणि युद्ध पेटलं. शाहने इंग्रजांकडे मदत मागितली. उत्तर मिळालं की तहात फ्रेंच आणि अफगाण आहेत, रशियन नाहीत. शब्दश: बरोबर उत्तर. आणि १८०५ पासून तर रशिया नेपोलियनविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढत होता, मग मित्राविरुद्ध मदत कोण देणार?

माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. या सगळ्या तहांत इराणची सही आहे, पण एकही तह इराणच्या गरजेतून निघालेला नाही. ते हिंदुस्थानाच्या रखवालीचे तह होते आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ त्या त्या वर्षी युरोपात इंग्रजांचा दोस्त कोण यावर ठरायचा.

शाहने मग काय केलं? ज्याच्याविरुद्ध तह केला होता त्या फ्रान्सकडेच गेला. ४ मे १८०७ रोजी फिंकेनश्टाइनच्या गढीत, म्हणजे आजच्या पोलंडात, नेपोलियनशी तह झाला. जॉर्जिया इराणचाच आहे असं नेपोलियनने मान्य केलं. इराणने इंग्रजांशी संबंध तोडायचे आणि हिंदुस्थानकडे जाणाऱ्या फ्रेंच फौजेला वाट द्यायची. जनरल गार्दान पथक घेऊन निघाला. तो तेहरानला पोचला डिसेंबरात. पण जुलैमध्येच तिल्सितला नेपोलियन आणि झार अलेक्झांडर गळ्यात गळा घालून बसले होते! बिचारा गार्दान तेहरानच्या दरबारात उभा आणि त्याच्या हातातल्या कागदाचा पाया पाच महिन्यांपूर्वीच खचलेला.

पुन्हा इंग्रज आले. १८०८ साली मालकम कलकत्त्याच्या वतीने बुशहरला उतरला, त्याला तिथून पुढे येऊ दिलं नाही, तो चिडून परतला. लंडनहून आलेला हारफर्ड जोन्स मात्र तेहरानला पोचला आणि १२ मार्च १८०९ रोजी त्याने प्राथमिक तह केला. १८१२ला गोर औसलीने तो पक्का केला. त्यात फेरफार होऊन २५ नोव्हेंबर १८१४ला तेहरानचा तह झाला. पुढची चाळीस वर्षं ज्याच्यावर भांडणं झाली तो हाच.

१८१४च्या तहातली तीन कलमं मी वहीत उतरवून ठेवली आहेत. कुठल्याही युरोपीय सत्तेने इराणवर हल्ला केला तर इंग्रज फौज देतील, नाहीतर वर्षाला दोन लाख तोमान देतील, हे चौथं कलम. पण युद्ध इराणच्या आगळिकीमुळे झालं असेल तर काही मिळणार नाही. आगळीक म्हणजे काय, ते तिसऱ्या कलमात लिहिलं आहे: दुसऱ्या राज्याच्या मुलखावर हल्ला करणं. आणि नववं कलम, इराण आणि अफगाण यांच्यात लढाई झाली तर दोघांनी मध्यस्थी मागितल्याशिवाय इंग्रजांनी मध्ये पडायचं नाही.

आता १८२६. रशियाने गोकचा तलावाच्या काठचा मुलूख, तो कोणाचा हे ठरायच्या आतच, बळकावला. त्यावर जुलैमध्ये युवराज अब्बास मिर्झाने चाल केली. इंग्रजांनी कलम उघडलं: हल्ला तुम्ही केलात, आगळीक तुमची, पैसे नाहीत. इराण हरला. १८२८चा तुर्कमानचायचा तह रशियाशी झाला, एरिवान आणि नखिचेवान गेलं, वर दंड. तो दंड भरायला अब्बास मिर्झाकडे पैसा नव्हता, रशियन फौज आझरबैजान सोडेना. त्या घडीला इंग्रज वकील मॅकडोनाल्ड पुढे आला. त्याने दोन लाख तोमान देऊ केले, आणि त्याच्या बदल्यात १८१४च्या तहातली तिसरं आणि चौथं ही कलमं कायमची खोडून घेतली.

एका वर्षाच्या मदतीइतकी रक्कम देऊन जन्मभराची मदत विकत घेतली. मी ही ओळ वाचली तेव्हा पुस्तक मिटवून बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

पुढचं प्रतिसादांत लिहितो. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी भर घाला.

---

मेधा_गिरगाव | शनिवार, सकाळी ९:१५

छान लिहिलंत. पण मुंबईत घडलेली एक मोठी गोष्ट राहिली, ती घालते. १८०१च्या तहाची देवाणघेवाण करायला शाहचा एलची, म्हणजे वकील, हाजी खलील खान मुंबईला आला होता. कंपनीने त्याच्या मुक्कामावर शिपायांचा पहारा दिला. २० जुलै १८०२, ऐन पावसाळा. त्याचे नोकर आणि पहाऱ्याचे शिपाई यांच्यात बाचाबाची झाली, ती हातघाईवर आली. खलील खान भांडण सोडवायला बाहेर आला आणि गोळी लागून जागीच गेला. त्याची काही माणसंही मेली.

पाहुणा म्हणून आलेला एलची यजमानाच्याच पहाऱ्याच्या गोळीने मेला! कंपनीचं धाबं दणाणलं. वेलस्लीने शाहला दु:खाचं पत्र पाठवलं, कुटुंबाला नेमणुका बांधून दिल्या आणि निस्तरायला कलकत्त्याहून मालकमलाच मुंबईला धाडलं. शाहने ते प्रकरण वाढवलं नाही. त्याच्या जागी मोहम्मद नबी खान आला, तो १८०५ साली. तोवर तिकडे रशियाशी युद्ध सुरू झालं होतं. त्याच्या कामाला तीन वर्षं उशीर झाला होता असं मला नेहमी वाटतं.

आणि बघा, १८०२च्या त्याच डिसेंबरात वसईचा तह आहे.

---

नवशिका | शनिवार, सकाळी ११:०२

एक प्रश्न. हे तह कोणत्या भाषेत लिहायचे? आणि दोन लाख तोमान म्हणजे तेव्हाचे किती?

---

बोरू_टाक | शनिवार, दुपारी १२:३०

@मेधाताई, मनापासून आभार. खलील खानाबद्दल मी दोन ओळी लिहून खोडल्या होत्या, तुम्ही नीट लिहिलंत.

@नवशिका, इंग्रजी आणि फारसी दोन्ही. त्या काळी फारसी ही कंपनीची हिंदुस्थानातलीही दरबारी भाषा होती, १८३७ पर्यंत. म्हणून मालकमसारखे लोक दुभाष्याशिवाय बोलू शकत. आपल्या पेशवे दप्तरातले वकील, एलची, खलिता, फर्मान, मसुदा हे सगळे शब्द त्याच दरबारांतले. मिर्झा अबुल हसन खान लंडनला गेला तो तिथे 'इल्ची' म्हणूनच ओळखला गेला. रशियाशी झालेल्या गुलिस्तान आणि तुर्कमानचाय या दोन्ही तहांवर इराणतर्फे सही करणाऱ्यांत हा माणूस आहे आणि १८१० पासून त्याला ईस्ट इंडिया कंपनीकडून दरमहा हजार रुपये मिळत. इराणी वाचक आजही हे विसरलेले नाहीत.

दोन लाख तोमान म्हणजे साधारण दीड लाख पौंड. आणि एक गंमतीची गोष्ट सांगतो, तुर्कमानचायचा दंड दहा 'कुरूर' तोमान होता. हा आपला करोडच, इथूनच गेलेला. पण इराणात त्याचा अर्थ पाच लाख. म्हणजे दंड दहा कोटी नव्हे, पन्नास लाख तोमान. मी पहिल्यांदा वाचताना दहा कोटी धरून हिशेब करत बसलो होतो, तो जुळेचना.

---

दस्तऐवज | शनिवार, रात्री १०:४०

बोरूकाका, लेख आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे.

इराणला तुम्ही फार भोळं केलंत. फतह अली शाह आणि त्याचे वजीर कसलेले होते. १८०१च्या तहावर त्यांनी का सही केली? तेव्हा झमान शाहचा भाऊ महमूद इराणच्या आश्रयाला होता, त्याला पुढे करून शाह अफगाणांना हैराण करतच होता. मालकम नसता आला तरी ते झालंच असतं. थोड्याच दिवसांत महमूदने झमान शाहला पकडून त्याचे डोळे काढले. म्हणजे इंग्रजांनी पैसे आणि घड्याळं वाटली ती शाह स्वत:हून करत होता त्या कामासाठी. मालकमने आखातातली बेटं मागून पाहिली, तीही शाहने दिली नाहीत. १८०७ला फ्रेंच, १८०९ला पुन्हा इंग्रज, हा त्याचाही डाव होता. दोन बलाढ्य राज्यांच्या मध्ये सापडलेल्या राजाने दुसरं काय करायचं?

पुढे ज्यावरून भांडणं झाली त्या अफगाण सरहद्दीवरच्या हेरात शहराचंही तसंच. हेरात घ्यायची हौस तेहरानची स्वत:ची होती, आणि रशियाकडे गेलेल्या मुलखाची भरपाई पूर्वेकडे करावी हा हिशेब होता.

आणि आपल्याकडचा धागा जोडायचा तर त्याच १८०८-०९मध्ये मालकम बुशहरला, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पेशावरला अफगाण राजा शाह शुजाकडे आणि मेटकाफ रणजितसिंहाकडे असे तिघे एकाच वेळी निघाले होते. एल्फिन्स्टनने पेशावरला केलेला करार होता फ्रान्स आणि इराण यांच्याविरुद्ध! म्हणजे तेहरानमध्ये इराणशी मैत्री आणि तीन महिन्यांनी अफगाणांशी इराणविरुद्ध मैत्री. दोन वर्षांत तोच एल्फिन्स्टन पुण्याला संगमावर रेसिडेंट म्हणून आला.

---

बोरू_टाक | रविवार, सकाळी ८:२०

मान्य. भोळे म्हणायचं नव्हतं मला, पण लिहिताना तसं झालं खरं. महमूदचा मुद्दा एकदम पटला. मात्र डाव खेळता येणं वेगळं आणि पट कोणाचा हे वेगळं. १८१४चं नववं कलम घ्या. ते इराणच्या फायद्याचं कलम होतं, मुद्दाम घालून घेतलेलं. १८३७च्या शेवटी मोहम्मद शाहने हेरातला वेढा घातला. कलमाप्रमाणे इंग्रजांनी गप्प बसायला हवं होतं. त्यांनी काय केलं? जून १८३८मध्ये मुंबईहून जहाजं पाठवून आखातातलं खार्ग बेट घेतलं आणि कर्नल स्टॉडर्टला हेरातच्या छावणीत पाठवून शाहला कळवलं की वेढा चालू ठेवलात तर ते शत्रुत्व समजू. सप्टेंबरात शाह उठून गेला.

आगळिकीचं कलम इराणवर अक्षरश: लागू झालं. मध्ये न पडण्याचं कलम इंग्रजांवर लागू झालं नाही. मला म्हणायचं होतं ते एवढंच.

---

खलाशी_निवृत्त | रविवार, दुपारी ४:०५

खार्गचं नाव आलं म्हणून लिहितोय, एरवी मी इथे फक्त वाचतो.

मी टँकरवर होतो. खार्गला क्रूड भरायला कितीतरी फेऱ्या केल्या. पूर्वेच्या बाजूला समुद्रात शिरलेली लांब टी आकाराची जेट्टी, पश्चिमेला खोल पाण्यातला सी आयलंड. रात्री लांबूनच आकाश तांबूस दिसतं, जळणाऱ्या वायूच्या ज्वाळांमुळे. बेट एवढंसं, एका टोकावरून दुसरं दिसेल. उन्हाळ्यात डेकवर हात टेकवला तर भाजायचा. जेट्टीवर एक वयस्कर इराणी लोडिंग मास्टर होता, मी मुंबईचा म्हटल्यावर तो म्हणाला, "तुमच्याकडून आमच्याकडे दोनदा फौज आली." मला वाटलं थट्टा करतोय. आज कळलं दोनदा म्हणजे कुठल्या.

दुसरी वेळ कोणती, ते कोणी सविस्तर लिहील का?

---

अनुजा_सातारा | रविवार, रात्री ९:३०

मी लिहिते, दादा. १८५६-५७. १८५६च्या ऑक्टोबरात नासिरुद्दीन शाहच्या फौजेने हेरात घेतलं. १ नोव्हेंबरला कलकत्त्याहून युद्ध जाहीर झालं आणि फौज निघाली मुंबईहून. डिसेंबरच्या सुरुवातीला खार्ग, ९ डिसेंबरला रिशहरची गढी, १०ला बुशहर. जानेवारीत जेम्स आउट्रम आला, ८ फेब्रुवारी १८५७ला खुशाबची लढाई. मार्चच्या शेवटी मोहम्मरा, म्हणजे आजचं खुर्रमशहर.

या फौजेत मुंबई लष्कराच्या देशी पलटणी होत्या. मुंबईच्या पायदळात त्या काळी रत्नागिरी आणि कोकणातले मराठा व महार शिपाई मोठ्या संख्येने असत. म्हणजे रिशहरच्या त्या मातीच्या तटावर चढलेल्यांत आपल्याकडची माणसं होती. इंग्रज अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, त्यांची नावं पुस्तकांत आहेत. देशी शिपायांना तेव्हा तो क्रॉस मिळण्याची सोयच नव्हती, १९११ पर्यंत. कोकणातल्या एखाद्या घरात 'पणजोबांचे आजोबा इराणच्या लढाईला गेले होते' अशी आठवण असेल तर कृपया इथे लिहा. मी खरंच शोधते आहे.

आणि सगळ्यात जीव कासावीस करणारी गोष्ट पुढे आहे. तह ४ मार्चला पॅरिसमध्ये झाला, लॉर्ड कौली आणि फर्रुख खान यांच्यात. मोहम्मराची लढाई २६ मार्चला. बातमी पोचायलाच महिना लागायचा, त्यामुळे तह झाल्यावर तीन आठवड्यांनी माणसं मेली.

तहात हेरात सोडायचं, अफगाण मुलखावरचा हक्क कायमचा सोडायचा आणि पुढे अफगाणांशी वाद झाला तर आधी इंग्रजांकडे मध्यस्थीला यायचं. म्हणजे बोरूकाकांचं नववं कलम साफ उलटं झालं.

फौज परत मुंबईला आली ती मे अखेरीस, आणि उतरते तोच कळलं की मेरठला उठाव झालाय. आउट्रम आणि हॅवलॉक दोघेही तिथून लखनौकडे गेले.

---

मेधा_गिरगाव | सोमवार, सकाळी १०:१०

अनुजा, फारच सुंदर. खार्ग आणि १८५७ यांच्या मधलं एक मुंबईचं प्रकरण. इस्माइली पंथाचा प्रमुख पहिला आगाखान हसन अली शाह इराणातून बंड फसल्यावर निसटला आणि सिंधमार्गे १८४०च्या दशकात मुंबईला आला. इराण सरकारने त्याला ताब्यात मागितलं, आधार तोच, १८१४चा तह, दहावं कलम, बंडखोरांना आसरा न देण्याबद्दलचं. इंग्रजांनी ताब्यात तर दिलं नाही, पण १८४७ला मुंबईहून हलवून कलकत्त्याला ठेवलं. शाह वारल्यावर १८४८च्या शेवटी तो परत मुंबईत आला आणि इथेच राहिला. १८४१च्या व्यापारी तहात तर इराणचा व्यापारी प्रतिनिधी ठेवण्याच्या दोन जागा लिहिल्या आहेत: लंडन आणि मुंबई.

---

दस्तऐवज | सोमवार, रात्री ११:२५

पुढचं मी भराभर सांगतो, कारण १८५७ नंतर तहांची जागा मक्त्यांनी घेतली. १८७२ला रॉयटर या उद्योजकाला रेल्वे-खाणींचा मक्ता, १८९०ला तंबाखूचा मक्ता. तो लोकांनी हुक्के विझवून दीड-दोन वर्षांत मोडला, पण भरपाई म्हणून इराणच्या डोक्यावर पाच लाख पौंडांचं कर्ज बसलं. १९०१ला डार्सीला तेलाचा मक्ता, साठ वर्षांचा, निव्वळ नफ्यातले सोळा टक्के इराणला. १९०८ला मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं.

१९०७चा करार मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. ३१ ऑगस्टला सेंट पीटर्सबर्गला इंग्रज आणि रशियन यांनी इराणचे तीन भाग केले: उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय इंग्रजांच्या, मधला मोकळा. इराणला विचारलंही नाही. तेव्हा तेहरानमध्ये नवी मजलिस, म्हणजे संसद, भरून वर्षही झालं नव्हतं! ज्या लोकांनी राज्यघटनेसाठी इंग्रजी वकिलातीच्या आवारात हजारोंनी आसरा घेतला होता त्यांच्याच देशावर वर्षभरात त्याच इंग्रजांनी रेघ मारली. १८०१ला ज्याचं नाव तहात घालायचं टाळलं त्याच रशियाबरोबर बसून.

१९१९चा करार तर इराणी लोकांच्या मनात अजून ताजा आहे. कर्झनला अख्खा इराण संरक्षणाखाली हवा होता. वीस लाख पौंड कर्ज, इंग्रज सल्लागार सैन्यात आणि खजिन्यात. त्यासाठी पंतप्रधान वुसूक-उद-दौला आणि दोन मंत्र्यांना मिळून चार लाख तोमान गुपचूप दिले गेले. मजलिसने तो कधीच मंजूर केला नाही. १९२१ला रद्द.

---

नवशिका | मंगळवार, सकाळी ७:४५

म्हणजे इराणच्या बाजूने शब्दाचा अर्थ लागला असं एकदाही झालं नाही का?

---

बोरू_टाक | मंगळवार, रात्री ८:५०

झालं. एकदा. आणि ती गोष्ट मला या सगळ्या वाचनात सगळ्यात प्रिय आहे.

१९५१ला इराणचा पंतप्रधान मुसद्दिकने तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं. इंग्रजांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली. प्रश्न असा की न्यायालयाला हा खटला चालवायचा अधिकार आहे का? इराणने पूर्वी एक जाहीरनामा देऊन न्यायालयाचा अधिकार मानला होता, पण त्यात मर्यादा होती: इराणने स्वीकारलेल्या तहांच्या अंमलबजावणीसंबंधीच्या घटनांवरचेच वाद. फ्रेंचमधल्या त्या वाक्यात 'या जाहीरनाम्याला मंजुरी मिळाल्यानंतरचे' असं विशेषण होतं. ते कोणाला लागायचं? 'तहांना' की 'घटनांना'? इंग्रजांचे वकील म्हणाले, घटनांना. म्हणजे तह कितीही जुना असला तरी चालेल. आणि मग त्यांनी कोणता तह काढला? १८५७चा पॅरिसचा! त्यातल्या नवव्या कलमात इंग्रजांना इतर सर्वांत आवडत्या राष्ट्राइतकी वागणूक कबूल होती. त्या कलमाचा पूल करून त्यांना इराणने डेन्मार्क, स्वित्झर्लंड अशा देशांशी नंतर केलेल्या तहांवर पोचायचं होतं. खुशाब आणि बुशहर जिंकून लिहून घेतलेला कागद ९५ वर्षांनी तेलासाठी टेबलावर आला.

मुसद्दिक स्वत: हेगला गेला होता. न्यायालयाने व्याकरणाचा कीस काढला आणि शेवटी इराणच्या मजलिसने १९३१ साली त्या जाहीरनाम्याला मंजुरी देताना केलेला कायदा पुढे घेतला. त्या फारसी मजकुरात काही संदिग्ध नव्हतं, मंजुरीनंतर सरकार स्वीकारेल ते तह असंच लिहिलं होतं. म्हणून १८५७चा तह इथे चालणार नाही. आणि १९३३चा तेलाचा करार हा इंग्रजी तेल कंपनीशी केलेला करार आहे, दोन राज्यांतला तह नव्हे. निकाल २२ जुलै १९५२ला लागला, नऊ विरुद्ध पाच. न्यायालयाचा अध्यक्ष होता आर्नल्ड मॅकनेअर, स्वत: इंग्रज. त्याने मत दिलं ते त्या नवांच्या बाजूने.

त्याच दिवशी तेहरानमध्ये मुसद्दिक पुन्हा पंतप्रधान झाला होता. आदल्या दिवशी रस्त्यावर लोकांनी त्याच्यासाठी गोळ्या खाल्ल्या होत्या. पुढच्या वर्षी त्याचं सरकार कसं पाडलं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.

---

खलाशी_निवृत्त | मंगळवार, रात्री १०:१५

त्या लोडिंग मास्टरच्या केबिनमध्ये काचेखाली मुसद्दिकचा फोटो होता, वर्तमानपत्रातून कापलेला. चहा पिताना त्याने ग्लास दोनदा त्या फोटोवर ठेवला आणि दोन्ही वेळा उचलून बाजूला सरकवला.

---

अनुजा_सातारा | बुधवार, सकाळी ६:५५

खलाशीदादा, तो कुठल्या सालचा प्रसंग? आणि दापोलीहून एका वाचकाचा मला निरोप आलाय, त्यांच्या घरी बुशहरचं नाव असलेलं जुनं पदक आहे म्हणतात. रविवारी बघायला जाते आहे, फोटो इथेच टाकीन.